व्हीलचेअरवरचं रोजचं जगणं मराठीत मांडायचंय. किती सांगावं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या गावात राहते. दुचाकीच्या अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली संवेदना नाही. व्हीलचेअर वापरते, घरबसल्या दोन दुकानांचे हिशेब लिहिते.

रोजचं जगणं लिहावं, जमेल तसे व्हिडिओही करावेत असं फार मनात आहे. इंग्रजीत असं सांगणारे पुष्कळ आहेत. खुर्चीवरून पलंगावर सरकायला मी त्यांचं बघूनच शिकले. पण त्यांच्या घराला उंबरठा नसतो, मोरी नसते. आमच्या मोरीला चार इंचांचा कठडा आहे. तो ओलांडायला बाबांनी सुताराकडून फळी करून घेतली आणि खालून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकल्या, म्हणजे ओल्या फरशीवर ती सरकत नाही. अशा गोष्टी कुणी दाखवत नाही, मला दाखवायच्या आहेत.

घरात मात्र एकमत नाही. दादा म्हणतो, घरातलं चव्हाट्यावर कशाला. आई म्हणते, कर, पण ते कॅथेटरचं काही बोलू नकोस, धाकटीचं लग्न जमवायचंय. पण दर चार-पाच तासांनी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, लघवी काढावी लागते. कुठे कार्यात जायचं तर तिथे आडोशाची जागा आहे का, हे आधी विचारावं लागतं. जागा नसेल म्हणून आमच्यासारख्या बायका पाणीच कमी पितात आणि मग इन्फेक्शन होऊन ताप येतो. हे गाळून माझा दिवस सांगायचा कसा?

आणखी एक. एका नातेवाइकाने माझा पिठलं करतानाचा व्हिडिओ मला न विचारता टाकला, मागे रडकी बासरी लावून. खाली सगळ्यांचं तेच: 'हिच्याकडे बघून आपली दुःखं किती छोटी वाटतात.' ते मला फार लागलं. मी टाकलेलंही लोक असंच बघणार का?

मिरजेचा_वाचक

ताई, लिहाच. माझीही मणक्याचीच इजा, आणि त्यावर बरीच वर्षं लिहितोय.

दवाखान्यातून घरी आलो तेव्हा हातात डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी होती. बसल्या बसल्या थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, नाहीतर बूड एकाच जागी दाबून जखम होते, हे कुणीच सांगितलं नव्हतं. बेडसोर झाला आणि तो भरेपर्यंत महिनोन्‌महिने पालथं पडून काढले. आता रोज रात्री कुशीवर होऊन लांब मुठीच्या आरशात माकडहाड आणि मांड्यांची मागची बाजू बघतो. लाल डाग दिसला, बोटाने दाबला आणि पांढरा पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसायचं नाही. एवढंच एकदा लिहिलं होतं. नांदेडहून एका वहिनींनी कळवलं की त्यांनी नवऱ्याची पाठ त्याच रात्री बघितली आणि डाग सापडला. आईंना हे वाचून दाखवा. कॅथेटरबद्दल लिहाल तेव्हाही कुणाचं तरी असंच होणार आहे.

बासरीवाल्या व्हिडिओबद्दल. ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाच्या पत्रकार होत्या, त्याही व्हीलचेअरवर. २०१४ साली सिडनीतल्या भाषणात त्यांनी सांगितलं होतं की त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातल्या कुणीतरी कर्तृत्वाच्या पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवायचं म्हणून आईवडिलांना विचारलं. ते म्हणाले, छान आहे, पण तिने अजून काही कर्तृत्व गाजवलेलं नाही. शाळा, आईच्या सलूनमध्ये थोडं काम आणि टीव्ही, एवढंच चाललं होतं. आपल्याकडे बघून दुसऱ्याने स्वतःचं समाधान करून घ्यावं, यासाठी आपण जगत नाही, हेच त्या ठणकावून सांगत होत्या. मला ते शंभर टक्के पटतं.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मापं द्यायची, अडचण नेमकी सांगायची. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी लिहिलं की मुंबईत खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, सह्या घ्यायला कुणी खाली आलं नाही, त्यांना उचलून वर न्यावं लागलं. मजला, लिफ्ट, जिना, सगळं स्पष्ट. तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांना दखल घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. 'किती सोसलं बिचारीने' एवढ्यावर कुणाला तो विषय संपवता आला नाही.

तुमच्या फळीचंही तसंच करा. रॅम्पला १ ला १२ चा उतार धरतात, म्हणजे चार इंचांना चार फूट फळी. तुमची केवढी आहे?

कृष्णाकाठची

दादा, अडीच फुटांची. त्याहून लांब केली तर दार लागत नाही. म्हणून चढताना आई मागून धरते, उतरताना मी उलटी उतरते.

मिरजेचा_वाचक

मग हेच लिहा, दार न लागण्यासकट. गावाकडच्या निम्म्या घरांची हीच अडचण असणार.

ठाणेकर_शुभदा

मी लहानपणापासून पोलिओमुळे पायाला आधाराचा कॅलिपर घालते. मिरजेच्या दादांना जे सोसावं लागत नसेल ते मी सांगते. अपंग बायकांचे फोटो गोळा करणारे पुरुष असतात. आधी फार गोड बोलतात, मग पायांचे, कॅलिपरचे, खुर्चीत चढतानाचे फोटो मागतात. पहिल्या मागणीलाच ब्लॉक कर, समजावत बसू नकोस. गलिच्छ कमेंट आली तर पुसण्याआधी स्क्रीनशॉट ठेव. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ९२: चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

धाकट्या बहिणीला आणि आईला मात्र व्हिडिओत घेऊ नकोस, त्यांनी स्वतःहून हो म्हटल्याशिवाय. तुझं शरीर तुझं आहे, त्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव. कॅथेटरचं सांगताना वस्तू हातात धरून दाखवली तरी सगळं समजतं. आणि त्या नातेवाइकाला व्हिडिओ काढून टाकायला सांग, स्पष्ट शब्दांत. लाजू नकोस.

कानाने_वाचणारा

मला दिसत नाही, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतो, संगणकावर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक. ताई, तुमचं वरचं सगळं ऐकलं. एकच विनंती. मजकूर चित्रावर छापून टाकू नका. मराठीत ही खोड फार आहे, छान छान रंगांत सगळं लिहितात आणि माझ्या कानाला फक्त 'इमेज' एवढंच ऐकू येतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं टंकलेखन तर माझा फोन इंग्रजी अक्षरांची खिचडी म्हणून वाचतो. फोटो टाकला की खाली दोन ओळींत त्यात काय आहे ते लिहा. व्हिडिओखाली मजकूर दिलात तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांचीही सोय होईल.

कृष्णाकाठची

हे माझ्या डोक्यातच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. दादाला हा सगळा धागा दाखवला. तो अजून गप्प आहे, पण व्हिडिओसाठी फोन लावायची तिपाई कुठे मिळते ते विचारत होता. आई म्हणाली, कॅथेटरचं लिही, पण आधी मला वाचून दाखव. तेवढं मला मान्य आहे.

कानाने वाचणाऱ्या दादांना एक विचारायचं होतं. फळीचा व्हिडिओ करताना मापं तोंडाने सांगत गेले तर पुरे का?

कानाने_वाचणारा

पुरे. फक्त 'हे असं इथे ठेवायचं' असं बोलू नका. फळीचं कुठलं टोक कठड्यावर, पट्ट्या कुठल्या बाजूला, आई कुठे उभी राहते, तेही बोला.