तेच शब्द आणि कळकळ
प्रार्थनेत तेच ते शब्द उच्चारणे म्हणजे कळकळीचा अभाव, असे मत काही जण बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातील ६:७ या वचनाच्या आधारे मांडतात. तेथील निषेध मात्र निरर्थक बडबडीचा, फार बोलल्याने आपले ऐकले जाईल या समजुतीचा आहे. कारण त्याच शुभवर्तमानात (२६:४४) प्रभू येशूने अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदाही तेच शब्द बोलून प्रार्थना केली. जुन्या करारात, शिलो येथील मंदिरात मुलासाठी कळकळीने प्रार्थना करणाऱ्या हन्ना या स्त्रीचे तर केवळ ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, आणि एली याजकाला ती मद्यधुंद वाटली (याजकालाही ओळखता आले नाही, हे विशेष). तेव्हा शब्दसंख्येवरून इतरांची भक्ती तोलण्यापेक्षा, मागितलेले न मिळाल्यावरही आपण देवाजवळ टिकून राहतो का, हे पाहणे मला अधिक उचित वाटते. प्रेषित पौलाने आपल्या ‘देहातील काटा’, म्हणजे त्याला छळणारी पीडा, दूर व्हावी म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, तरी त्याला उत्तर मिळाले ते ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ असे.