पोरीला गॅलेक्सीवर पीएचडी करायचीय, पुढं पोटापाण्याचं काय?

द्राक्षबागवाला
नमस्कार मंडळी. पोरगी बीएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी 28 फेब्रुवारीला खोडदचं प्रदर्शन बघायला न्यायचो तेव्हापासूनचं खूळ, आता म्हणते गॅलेक्सीत तारे कसे जन्मतात यावरच संशोधन करणार. पाव्हणे म्हणतात तिशी उलटेपर्यंत एक रुपया दिसत नाही. खरंय का? आणि हे लोक रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून नेमकं करतात तरी काय?

एकवीस_सेंमी
काका, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, तिच्या त्या 45 मीटरच्या डिशला डोळा लावायला जागाच नाही हो 😄 मी याच विषयात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) करतेय. वर्षातून दोनदा प्रपोजल मागवतात, ते पास झालं तर दुर्बिणीचे काही तास मिळतात, बाकी सगळं वर्ष कॉम्प्युटरपुढं. तारे बनतात थंड हायड्रोजनपासून, पण लांबच्या गॅलेक्सीतल्या हायड्रोजनचा सिग्नल इतका बारीक की एकटा दिसतच नाही. म्हणून 2020 मध्ये एनसीआरए (जीएमआरटी चालवणारी पुण्याची संस्था) आणि रामन संशोधन संस्थेच्या लोकांनी जीएमआरटीवर सुमारे 100 तास निरीक्षण करून 7,653 गॅलेक्सींचे सिग्नल एकावर एक रचले, तेव्हा कुठे 8 अब्ज वर्षांपूर्वीचा वायू दिसला, आणि कळलं की त्या गॅलेक्सी इतक्या झपाट्याने तारे बनवत होत्या की तो वायू एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. म्हणजे गोदामात माल होता, पण खपच जास्त.
माझ्या पहिल्या निरीक्षणात पहाटे तीनला स्क्रीनवर एक उभी पांढरी रेघ आली, मला वाटलं काहीतरी सापडलं. कसलं काय, कुणाच्यातरी यंत्राचा खरखराट. दोन महिने तोच कचरा निवडत बसले होते.

पळपुटा_पीएचडी
पाव्हण्यांचं अर्धंच खरंय. पीएचडीला पहिल्या दिवसापासून फेलोशिप असते, नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार, वर घरभाडं. अडचण त्याच्या पुढं आहे, दोन-दोन तीन-तीन वर्षांची पोस्टडॉक, आज चिली उद्या नेदरलँड्स, घरच्यांचं लग्नाचं टुमणं चालूच, आणि पर्मनंट जागा म्हणाल तर एका जागेमागे शंभर जण उभे, मी दुसऱ्या पोस्टडॉकनंतर कंटाळून पुण्यात एका बँकेत डेटाचं काम धरलं आणि खरं सांगायचं तर पायथन तेच, फक्त गॅलेक्सीच्या जागी कर्जदार आलेत. पगार बरा आहे. खोडदवरून जाताना मात्र अजून गाडी हळू होते.

एकवीस_सेंमी
@पळपुटा_पीएचडी शंभर जरा जास्तच झाले, पण मुद्दा बरोबर. काका, तिला आत्तापासून कोडिंग शिकू द्या, उन्हाळ्यात आयुका (पुण्यातलीच खगोलशास्त्राची संस्था) आणि एनसीआरएच्या विद्यार्थी प्रोजेक्टला अर्ज करू द्या. एमएस्सीला असताना जेस्ट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा. एक उन्हाळा डेटा साफ करूनही खूळ उतरलं नाही, तर मग अडवू नका.

द्राक्षबागवाला
पाव्हण्यांना 37 हजार सांगितले, गप्प झाले. 7,653 चं पोरीला सांगायला गेलो तर म्हणाली, "बाबा, तो पेपर मी वाचलाय." लॅपटॉप किती रॅमचा घ्यावा ते सांगा, छाटणीच्या आधी घेऊन टाकतो.