तोफगोळ्याची पुंगळी दिवाणखान्यात: शोभा की सुतक?

जुनंपितळ: रविवारी जुन्या बाजारात एक जोडी मिळाली. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच ७५ मिमी तोफेच्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे गोळा उडाल्यावर मागे उरणारी पितळी नळकांडी, कंबरेत चुण्या घालून आवळलेल्या, अंगावर ओकची पानं ठोकून उठवलेली. बुडावर १९१६. त्यात निशिगंध ठेवला, तर बायको म्हणते, माणसं मारलेली वस्तू घरात नको. मला उलट वाटतं. खंदकामागे बसून कुणीतरी तोफेच्या पितळावर पानं काढली, ती माळ्यावर का टाकायची?

खडकीकर: वहिनींचं बरोबर आहे. माझे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात, गेले. तिथं कुत-अल-अमाराला तुर्कांचा वेढा पडला, एप्रिल १९१६ मध्ये इंग्रजांची फौज शरण गेली. पणजोबा परतलेच नाहीत. तुमच्या पुंगळीवर तेच साल! त्यांचं पदक आमच्याकडे देवघराशेजारी असतं. त्यात कुणी फुलं खोचत नाही.

जुनंपितळ: पदक सरकारनं दिलेलं. हे सैनिकाच्या हातचं काम आहे.

कसबापेठी: 'सैनिकाच्या हातचं' जरा जपून म्हणा. बुडावरचं साल पुंगळीचं, नक्षीचं नव्हे. युद्ध संपल्यावर रणभूमी बघायला येणाऱ्यांसाठी गावकऱ्यांनीही अशा फुलदाण्या विकल्या. कामाला मात्र तोड नाही. पितळ तापवून मऊ करायचं, ठोक्यानं चेपू नये म्हणून आत शिसं नाहीतर डांबर ओतायचं, मग पानाची एकेक शीर उठवायची. तांबट आळीत मठारकाम (भांड्यावर ठोके घालून नक्षी) करणाऱ्याच्या हातात द्या, लवकर परत मिळायची नाही. आणि पितांबरी लावू नका हो, शंभर वर्षांची काळपट झाक एका दुपारी जाते.

खडकीकर: म्हणजे मेलेल्यांच्या मातीवर धंदा. हे तर आणखी वाईट.

कसबापेठी: धंदा? घरंदारं जमीनदोस्त झालेली माणसं ती. शेतात नांगर घातला की पितळच वर येत होतं, ते विकलं.

शेवटचाबाक: तात्त्विक वाद चालू द्या, पण आधी पुंगळी उलटी करा. बुडाच्या मधल्या टोपीवर ठोक्याचा खळगा आहे ना? नसेल तर ती उडालेलीच नसेल, खेळत बसू नका, पोलिसांना कळवा.

जुनंपितळ: बघितलं, दोन्हींना खळगा आहे. घरात तह झालाय: फुलं नाहीत, माळ्यावरही नाही, जोडी पुस्तकांच्या कपाटावर. कसबापेठी, तुमचा सल्ला उशिरा आला. एक मी रविवारीच लखलखीत केली. आता दुसरीपुढे ती सवतीसारखी दिसते.