ओहोटीला दिसणारे सगळे प्राणी एवढे बुळबुळीत का असतात?

मीनल_गिरगाव
परवा ओहोटीला भाचीला घेऊन हाजी अलीच्या खडकांवर गेले होते, ती सातवीत आहे. मुंबईत प्रवाळ आहे हे मला खरंच माहीत नव्हतं, डबक्यात चक्क जिवंत बघायला मिळालं. समुद्रफुलं, गोगलगायी, एक छोटा खेकडा पण दिसला. भाचीच्या लक्षात आलं की खेकडा सोडला तर प्रत्येकावर काहीतरी चिकट ओलसर थर आहे, आणि तिने विचारलं की आपल्याला शेंबूड आजारी पडल्यावर येतो मग ह्यांना कायमच का? मला नीट उत्तर देता आलं नाही. तिला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हाच विषय घ्यायचाय, कोणी जरा सविस्तर सांगेल का?

ओहोटी_भरती
फार छान प्रश्न आहे भाचीचा. प्रवाळापासूनच सांगतो. आपल्याकडचं पाणी किती गढूळ असतं बघताच आपण, आणि प्रवाळ तर एका जागी चिकटलेलं, त्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणजे गाळ अंगावर साचला की खालचे जीव गुदमरून मरणार. म्हणून ते सतत श्लेष्म (म्हणजे भाचीने बघितलेला तो चिकट पदार्थ) सोडत राहतं, गाळाचे कण त्यात अडकतात आणि अंगावरच्या अतिसूक्ष्म केसांच्या हालचालीने आणि लाटेने तो अख्खा थर घसरून जातो, मग खाली नवीन तयार. ओहोटीला तासनतास उन्हात उघडं पडतं तेव्हा तोच थर ओल धरून ठेवतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शेवाळ सूर्यप्रकाशावर जे अन्न बनवतं त्याचा बराच मोठा हिस्सा ह्या चिकट पदार्थावर खर्च होतो, एवढं महाग काम कोणताही जीव उगाच करत नाही. शिवाय निघून गेलेला श्लेष्म वाया जात नाही, पाण्यातले जिवाणू आणि बारीक जीव तो खातात. कोस्टल रोडच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीची प्रवाळं उचलून दुसऱ्या जागी लावली होती, तेव्हा बऱ्याच लोकांना पहिल्यांदा कळलं की ती इथे आहेत.

गोगलगायीचं वेगळंच. तिच्या पायाखालचा चिकट पदार्थ दाब पडला की पातळ होऊन वाहतो आणि दाब गेला की परत घट्ट धरतो, त्यामुळे ती उभ्या खडकावर चालू पण शकते आणि चिकटून पण राहते. आणि पावसाळ्यात आपल्या सोसायट्यांच्या भिंतींवर ज्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी चढतात ना, त्या कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड वाळलेल्या श्लेष्माच्या पडद्याने बंद करून आत महिनोन्महिने पडून राहतात.

एक विनंती, प्रदर्शनासाठी प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, मेलेला सुद्धा नको. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे. फोटो लावा.

वर्सोवा_कोळीण
मीनलताई, माशांचं मी सांगते. मासा ताजा असला की अंगावरची बुळबुळ स्वच्छ पारदर्शक असते, शिळा झाला की ती पांढुरकी गढूळ होते आणि वास मारतो, गिऱ्हाईक कल्ले बघतात पण हे कोणी बघत नाही. वाम, तो सापासारखा लांब मासा, तर हातात ठरतच नाही. निवट्या (चिखलातले छोटे मासे) साफ करताना राख नाहीतर मीठ लावून चोळायच्या, तेव्हा कुठे बुळबुळ सुटते. तिवरांच्या चिखलात निवटी पाण्याबाहेर उड्या मारत फिरते ती ह्याच ओलसर अंगामुळे, कातडीतून पण श्वास घेते ती, सुकली की मेली.

टँकवाला_कुर्ला
ताईंचं बरोबर. माशाच्या कातडीवर आपल्यासारखा मेलेल्या पेशींचा कोरडा थर नसतो, अगदी वरपर्यंत जिवंत पेशी असतात, म्हणून बुरशी आणि परजीवींना अडवणारी पहिली भिंत म्हणजे ती बुळबुळच. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळीने मासा धरला की ती निघून जाते आणि मग त्याच जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरते. हात ओला केल्याशिवाय मासा धरू नका, भाचीला पण सांगा.

मीनल_गिरगाव
बापरे किती माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. मग माणसाचं काय? आजारी नसताना पण शेंबूड बनतो का? आणि हिरवा झाला की अँटिबायोटिक लागतंच असं आमच्याकडे सगळे म्हणतात, ते खरं का?

सूक्ष्म_शिक्षिका
मीनल, बनतो, २४ तास बनतो, फक्त आपण नकळत गिळत असतो म्हणून कळत नाही. त्यात ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. बाकी म्युसिन नावाची प्रोटीनं, बाटली घासायच्या ब्रशसारखी, मधे दांडा आणि चारी बाजूंनी साखरेच्या रेणूंचे केस, ते केस पाणी धरून ठेवतात आणि सगळी मिळून जाळी तयार होते. श्वासनलिकेत धूळ, परागकण, जंतू त्या जाळीत अडकतात आणि खालच्या पेशींवरचे अतिसूक्ष्म केस (हे म्युसिनचे नव्हेत) सेकंदाला दहाएक वेळा हलून ते सगळं घशाकडे ढकलत राहतात, तिथून पोटात, पोटातलं आम्ल पुढचं बघून घेतं. सिगरेटच्या धुराने हे केस मंदावतात म्हणून ओढणाऱ्याला खोकून कफ काढावा लागतो.

नुसतं अडकवणं पण नाही. अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दीचा शेंबूड जिवाणूंच्या बशीत टाकून बघितला आणि तिथले जिवाणू विरघळले, त्यातून लायसोझाइम नावाचं जिवाणू विरघळवणारं एन्झाइम सापडलं, ते त्याने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलं, पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी. अश्रू आणि लाळेत पण असतं ते.

हिरव्या रंगाबद्दल. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींत एक हिरवट एन्झाइम असतं, त्या खूप जमल्या की शेंबूड हिरवा दिसतो, आणि साध्या व्हायरल सर्दीत पण असं होतं जिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. नुसता रंग बघून गोळी सुरू करू नका प्लीज, ताप टिकून राहिला किंवा दम लागला तर डॉक्टरला दाखवा.

आणि पोटाचं तर प्रदर्शनात घ्याच. जठरातलं आम्ल एवढं तीव्र की स्वतःचं जठर पचवेल, पण भिंतीवरच्या श्लेष्मात बायकार्बोनेट असतं, त्यामुळे वर pH (आम्लता मोजायचं माप, आकडा जेवढा कमी तेवढं आम्ल तीव्र) २ च्या खाली आणि पेशींजवळ जवळपास ७. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू युरियापासून अमोनिया बनवून आजूबाजूचं आम्ल कमी करतो, त्याने श्लेष्माचं जेल पातळ होतं आणि तो पोहत आत शिरतो, पुढे काही जणांना अल्सर होतो. हा जिवाणू आणि अल्सरचा संबंध शोधणाऱ्या मार्शल आणि वॉरन ह्या डॉक्टरांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं.

ओहोटी_भरती
एक सोपा प्रयोग सुचवतो. भिजवलेला सब्जा घ्या, त्याच्याभोवती जे जेल येतं ते म्युसिन नाही, वनस्पतीचं आहे, पण पाणी धरायचं काम तेच. एका बशीत सब्जा, दुसरीत तेवढ्याच पाण्यात भिजवलेली मोहरी, दोन्ही पंख्याखाली ठेवा आणि कोणातलं पाणी किती लवकर उडतं ते बघायला भाचीला दर तासाला वजन करायला सांगा, किचनचा डिजिटल काटा चालेल. सब्जा आधी थोडा वेळ पूर्ण फुगू द्या मात्र.