आरओ प्लांट चालू करताना प्रेशरचा झटका बसतो, काय करू?

प्रश्न: हाय प्रेशर पंप चालू केला की पाईप धाडकन हादरतात अन् प्रेशर गेजचा काटा एकदम वर जातो, मागच्या महिन्यात एका मेम्ब्रेनचं (पाणी गाळणाऱ्या पडद्याच्या नळकांड्याचं) बाहेरचं कवच तडकलं. पंप थेट स्टार्टरवर आहे, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) नाही. मेम्ब्रेन वाचवायचेत, काय करता येईल?

उत्तर १: आधी हवा काढा हो! बंद प्लांटमध्ये हवा साठते, मग पंप सुरू झाला की पाणी ती ढकलत सुसाट जातं आणि मेम्ब्रेनवर आदळतं. रिजेक्ट व्हॉल्व्ह (मेम्ब्रेनमधून न गेलेलं पाणी बाहेर सोडणारा) पूर्ण उघडा ठेवून नुसत्या फीड पंपावर (हाय प्रेशर पंपाला पाणी पुरवणाऱ्या), कमी प्रेशरला फ्लश करा, बुडबुडे थांबेपर्यंत.

उत्तर २: बरोबर, पण व्हीएफडी किंवा सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारा) बसवाच. प्रेशर सेकंदाला ०.७ बारपेक्षा जास्त वेगाने चढू द्यायचं नाही, म्हणजे ३०-६० सेकंदांत हळूहळू पूर्ण प्रेशरला यायचं. तोवर पंपाच्या डिस्चार्जचा (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडासाच उघडा ठेवून स्टार्ट करा आणि सावकाश उघडा, पण पूर्ण बंद ठेवून चालवत बसू नका, पंप तापतो.

उत्तर ३: व्हॉल्व्ह झटक्यात बंद करणंही तितकंच वाईट. स्टीलच्या पाईपात १ मीटर/सेकंदाने वाहणारं पाणी अचानक थांबलं तर १० बारच्या वर झटका बसतो.