सीतेची आसवं फोटोत निळी येतात, काय करू?

रविवारी अंजनेरीला जाऊन आलो. नाशिकहून त्र्यंबक रोडने वीसेक किलोमीटर, मग गावातून वर. भाद्रपद असल्याने झाडीत तेरडा, उघड्यावर सोनकी आणि पठारावर सीतेची आसवं, सगळंच फुललंय. साडेतीनशे फोटो काढले, ठेवण्यासारखे निघाले अकरा. बाकीचे बघून बायको म्हणाली, "गवताचे छान आलेत."

जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आणि फोन, एवढंच आहे. मॅक्रो लेन्स घ्यायचं बजेट नाही, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

झाडीत उजेडच नसतो. शटरचा वेग १/६० सेकंदाच्या वर नेला की फोटो काळा, आणि तेवढ्यात तेरडा डुलतो. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० केला तर फोटोभर रवा सांडल्यासारखं दिसतं. सोनकीचं उलटं, पाकळ्या दिसतच नाहीत, नुसता पिवळा डाग. आसवं डोळ्यांना चक्क जांभळी दिसतात, फोनमध्ये मात्र शाईसारखी निळी.

खरी अडचण वेगळीच आहे. आसवं कातळावरच्या ओल्या, पातळ मातीत दाटीने उगवतात. फूल जेमतेम नखाएवढं. जवळ जायला गुडघा टेकवावा तर खाली पंधरा-वीस फुलं जातात. परवा एक ग्रुप त्या गालिच्यावर आडवा पडून सेल्फी काढत होता, बघून जीव तुटला. तुम्ही कसं करता?

प्रतिसाद:
आधी गुडघ्याचं. पाऊलवाटेच्या किंवा उघड्या कातळाच्या कडेला जी फुलं असतील तीच घ्या. आतलं फूल कितीही देखणं असलं तरी ते सोडायचं. कॅमेरा जमिनीलगत धरून मागची स्क्रीन वापरा. लेन्स ५५ वर ठेवा, साधारण पंचवीस सेंटीमीटरपर्यंत जवळ जाता येतं. फोकस हाताने लावा आणि स्वतः केसभर मागेपुढे होत पाच-सहा फोटो सलग काढा, एखादा नक्की लागतो. सोनकीला एक्सपोजर उणे एक, म्हणजे फोटो मुद्दाम थोडा गडद. आसवांसाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, ढगाळवर ठेवा. तेरड्याला छत्रीचा आडोसा करा, वारा अडतो. रवा मात्र थोडा सोसावा लागेल, हललेल्या फोटोपेक्षा बरा.

आणि कंदीलपुष्प (सेरोपेजिया) दिसलं तर फोटोसोबत जागा टाकू नका. अंजनेरीच्या नावाची त्याची एक जात दुर्मीळ आहे, लोक कंद उकरतात.

धागाकर्ता:
छत्रीचं डोक्यातच आलं नव्हतं! येत्या रविवारी पुन्हा जातोय. बायको छत्री धरायला तयार आहे, पण पहाटे पाचला निघायचं नाही म्हणते. नऊपर्यंत पोचलो तर सोनकीला उजेड फार कडक होईल का?