मधुमेहाने बिघडणाऱ्या मज्जातंतूंचा अभ्यास उंदरांवर कितपत उपयोगी?

वाचक, फोंडा
2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीत देशातले मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, 26.4 टक्के, आपल्या गोव्यात आढळले. पायांची आग आणि बधिरपणा सोसणारी माणसे वाड्यावाड्यावर आहेत, पण बिघडलेला मज्जातंतू पूर्ववत करणारे औषध त्यांच्यासाठी अजून नाही. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून उंदराच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारायच्या आणि काही आठवड्यांनी त्याच्या नसा तपासायच्या, हीच पद्धत अनेक दशके चालत आली आहे. साखरेचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करणारे अल्डोज रिडक्टेज हे विकर रोखणारी औषधे उंदरांत गुणकारी ठरली, परंतु माणसांवरील चाचण्यांत बहुतेकांनी निराशा केली आणि त्यांतले टोलरेस्टॅट तर 1996 मध्ये मागे घ्यावे लागले. मग उंदरांच्या या मॉडेलांवर, म्हणजे माणसाच्या आजाराच्या नकलेवर, आणखी पैसा का घालावा?

औषधशास्त्राच्या अध्यापिका, म्हापसा
मला हे पटत नाही. औषध फसले याचा सगळा दोष उंदरावर टाकता येणार नाही, कारण माणसांत ते पुष्कळदा तंतू झडून गेल्यावर दिले गेले; शिवाय त्याच गटातले एपॅलरेस्टॅट जपानमध्ये आणि भारतात आजही वापरात आहे. जिवंत रुग्णाच्या त्वचेतून आपल्याला तीन मिलिमीटरचा तुकडा घेता येतो, आणि त्यात तंतूंची फक्त टोके दिसतात. पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी गंडिकेत (संवेदना वाहणाऱ्या चेतापेशींच्या पुंजक्यात) काय बिघडते, तंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी आणि पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया केव्हा थकतात, हा क्रम पाहण्यासाठी प्राणी किंवा पेशीसंवर्धन याशिवाय आज तरी मार्ग नाही.

वाचक, फोंडा
बाई, क्रम दिसतो हे मान्य, पण तो आपलाच क्रम आहे का? माणसात सर्वांत लांब तंतू आधी झिजतात, आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत त्यांची लांबी सुमारे एक मीटर भरते. उंदरात ती काही सेंटिमीटर असते. शिवाय उंदराने पंजा मागे घेणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिच्यावरून रात्रभर झोप उडवणारी आग मोजता येईल, असे मला वाटत नाही.

निवृत्त डॉक्टर, मडगाव
काटेकोर साखरनियंत्रणाने टाइप 1 मधुमेहातील (ज्यात शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) मज्जातंतूंचा हा विकार सुमारे 60 टक्क्यांनी कमी होतो, हे 1993 मध्ये माणसांवरील डीसीसीटी (डायबेटिस कंट्रोल अँड कॉम्प्लिकेशन्स ट्रायल) या चाचणीनेच दाखवले. टाइप 2 मध्ये, म्हणजे इन्सुलिन नीट काम करत नाही तेव्हा, तेवढा लाभ होत नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक रुग्ण टाइप 2 चेच आहेत.

औषधशास्त्राच्या अध्यापिका, म्हापसा
डॉक्टरांच्या मुद्द्यावरून माझी मागणी अधिक नेमकी होते. स्निग्ध आहारावर वाढवलेले किंवा जनुकीय दोषामुळे लठ्ठ आणि मधुमेही होणाऱ्या डीबी/डीबी जातीचे उंदीर टाइप 2 ला जवळचे आहेत; औषध त्यांच्यावर आणि मानवी मूलपेशींपासून घडवलेल्या संवेदी चेतापेशींवर, तेही इजा झाल्यानंतर सुरू करून, उपयोगी ठरले तरच ते रुग्णांपर्यंत न्यावे.